आधी पैसा की आधी समाज? शेजारच्या दोन जिल्ह्यांवरून दिलेलं उत्तर

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठवाड्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: देशाची प्रगती ठरवताना सामाजिक घटक निर्णायक की आर्थिक? उद्योग, पाणी, बाजार आले की समाज मागोमाग सुधारतो, की समाज सुधारल्याशिवाय पैसा टिकत नाही? शेवटी त्यांनी हेही विचारलं आहे की आमच्या तालुक्यात एमआयडीसी (सरकारी औद्योगिक वसाहत) येणार म्हणतात, त्याने आमची प्रगती होईल का?

क्लासमध्ये दोन्ही बाजूंचे मुद्दे लिहून 'दोन्ही परस्परपूरक आहेत' असं लिहायला सांगतात. परीक्षेत तसंच लिहा, गुण मिळतील. मला मात्र त्या उत्तराचा कधी उपयोग झाला नाही. माझी नोकरी ग्रामीण कर्जपुरवठ्यात गेली. सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा), सोसायटीचे दाखले आणि थकबाकीच्या याद्या यांतून मला जो महाराष्ट्र दिसला, त्यावरून माझं मत असं झालं आहे की पैसा आला किंवा नाही हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा की तळच्या माणसाला समोरच्याला 'या अटीवर नको' असं म्हणता येतं का? सावकाराला, जमीनमालकाला, मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाला, नवऱ्याला, भावाला. ज्याला असं म्हणता येतं त्याच्या हातात आलेला पैसा पुढच्या पिढीपर्यंत जातो. ज्याला म्हणता येत नाही, त्याच्या कष्टावर दुसऱ्याची प्रगती होते आणि सरासरी उत्पन्नाच्या आकड्यात ते दिसतही नाही. ही ताकद कधी जमिनीतून येते, कधी अक्षरओळखीतून, कधी कायद्यातून. म्हणून 'सामाजिक' आणि 'आर्थिक' असे दोन कप्पे करून मला विचार करता येत नाही.

देशाचं बोलण्यापेक्षा मी महाराष्ट्राचं बोलतो, तेही मुख्यतः नगर आणि बीड या लागून असलेल्या दोन जिल्ह्यांचं. (नगर आता अहिल्यानगर आहे. जुन्या सवयीने मी नगरच म्हणणार.) १९६० पासून राज्य एक, सरकार एक, भाषा एक. तरीही एका जिल्ह्यात सहकारी साखर कारखानदारी जन्मली आणि दुसऱ्या जिल्ह्यातली माणसं त्या कारखान्यांचा ऊस तोडायला जाऊ लागली. एवढ्या जवळून तुलना करायला मिळणं दुर्मीळ आहे.

सुरुवात मागून करावी लागेल. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी दख्खनमध्ये रयतवारी आणली. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूरपासून विंगेट आणि गोल्डस्मिड यांची पाहणी सुरू झाली. प्रत्येक शेताचं मोजमाप, प्रतवारी आणि तीस वर्षांसाठी ठरलेला सारा. मधला जमीनदार नाही, शेतकरी थेट सरकारचा खातेदार. कागदावर बंगालच्या जमीनदारीपेक्षा ही पद्धत कितीतरी बरी होती. पण सारा रोख भरायचा आणि पाऊस पडो न पडो, ठरलेल्या वेळी भरायचा. रोकड होती सावकाराकडे. पूर्वीचा सावकारही काही साधुपुरुष नव्हता, पण त्याला वसुलीसाठी गावाशी जमवून घ्यावं लागे. आता जमीन विकता-गहाण टाकता येऊ लागली आणि दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा सावकाराच्या हातात आला. खतावर, म्हणजे कर्जाच्या करारपत्रावर, अंगठा उमटवणाऱ्याला त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं.

त्यात १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, आणि नेमक्या त्याच काळात तीस वर्षांची मुदत संपून नवे, वाढीव सारे लागू झाले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला, आणि तिथून हे लोण पुणे-नगर जिल्ह्यांत पसरलं. या दंगलीत माणसं मारण्यापेक्षा भर खतं हिसकावून जाळण्यावर होता. वाचता येत नसलं तरी आपला गळा कोणत्या कागदाने आवळलाय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला आणि खताच्या मागे खरा व्यवहार काय झाला होता हे तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला.

'मालकी दिली, बाजार दिला की प्रगती होते' हे सूत्र दख्खनमध्ये पन्नास वर्षं चालवून पाहिलं गेलं. मालकी मिळाली, बाजारही मिळाला. निरक्षर मालकाला त्या बाजारात सौदा करता येत नव्हता, एवढी एकच गोष्ट बाकी होती, आणि तिने उरलेल्या सगळ्याचा बोजवारा उडवला. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून जे निवेदन दिलं, त्याकडे आपण फक्त समाजसुधारणेचा दस्तऐवज म्हणून पाहतो. त्यात सरळ आर्थिक हिशोब होता. सरकारचा महसूल शेतकरी भरतो आणि त्या पैशावर उच्च शिक्षण वरच्यांची मुलं घेतात, असा त्यांचा मुद्दा होता. आजच्या अंदाजपत्रकालाही तो लावून बघण्यासारखा आहे.

देशपातळीवर या मागणीचं काय झालं? गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. विधेयक तसं फार मवाळ होतं, तरीही १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. शिक्षण हा मूलभूत हक्क व्हायला २००२ ची घटनादुरुस्ती यावी लागली आणि त्याचा कायदा प्रत्यक्ष लागू झाला १ एप्रिल २०१० ला. मधली जवळजवळ शंभर वर्षं. याच देशातल्या कोल्हापूरसारख्या लहान संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला होता, त्यामुळे 'पैसे नव्हते' ही सबब मला पटत नाही. शाहूंनी १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या जोडीला त्यांनी जातीजातींची वसतिगृहं काढायला मदत केली. माझ्या दृष्टीने तो अधिक धोरणी निर्णय होता.

वसतिगृहाला एवढं महत्त्व का देतो ते सांगतो. खेड्यातल्या मुलाची शाळा चौथीनंतर सुटायची ती फीमुळे कमी आणि तालुक्याच्या गावी राहायचं कुठे, जेवायचं काय, यामुळे जास्त. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि नंतर साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह चालवलं. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. 'कमवा आणि शिका' ही त्यांची योजना आज घोषणेसारखी वाटते, पण त्या काळी शेतकऱ्याच्या पोराला शिक्षण परवडण्याचा तो एकमेव व्यवहार्य मार्ग होता. पश्चिम महाराष्ट्रात पुढे जे सोसायटीचे सचिव, कारखान्यांचे हिशोबनीस, ओव्हरसियर, शिक्षक, जिल्हा बँकेचे तपासनीस तयार झाले, त्यांतल्या कितीतरी जणांची सुरुवात असल्या वसतिगृहातल्या भाकरीवर झाली होती. सहकाराच्या इतिहासात पुढाऱ्यांचे फोटो असतात. ताळेबंद वाचता येणारी ही दुसरी-तिसरी फळी फोटोत नसते, आणि तिच्याशिवाय एकही संस्था दोन हंगाम चालली नसती.

आता नगर जिल्ह्यातलं प्रवरानगर, जिथे सहकारी साखर कारखानदारी जन्मली. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. ऊस पिकला, पण गुळाचा भाव व्यापाऱ्याच्या हातात. गूळ फार दिवस साठवून ठेवता येत नाही आणि घेणेकरी दारात, म्हणून पडेल त्या भावाला विकायचा. कर्ज कोणाचं? १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत निघालं की शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा सुमारे तीन टक्के, सावकारांचा सत्तरच्या आसपास. सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला होता १९०४ मध्ये. म्हणजे जवळजवळ अर्ध्या शतकानंतरची ही स्थिती.

अशा परिस्थितीत लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखान्यासाठी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता सहकाराचे जाणकार होते, त्यामुळे सरकारी हमी आणि भांडवल मिळालं. १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झालं. पुढच्या दोन-तीन दशकांत कारखान्यामागे शाळा, तंत्रनिकेतन, दवाखाना, दूध संघ, उपसा सिंचन, रस्ते असं सगळं उभं राहिलं, आणि नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांचं रूप पालटलं.

हे तिथेच का जमलं याची कारणं क्लासच्या नोट्समध्ये 'नेतृत्व' या एका शब्दात उरकलेली असतात. नेतृत्व होतंच. पण कालव्याचं पाणी आधीच आलेलं होतं. रयतवारीमुळे बहुतेक सभासद लहान-मध्यम खातेदार होते, एकमेकांपेक्षा फार लहान-मोठे नव्हते, बरेचसे एकाच जातिसमूहातले होते, त्यामुळे एका सभासदाला एक मत हे तत्त्व कागदावर राहिलं नाही. १९४८ चा कूळकायदा आणि त्याची १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासूनची अंमलबजावणी यांमुळे पुष्कळ कुळं मालक झाली. (त्याआधीच पुष्कळ कुळांना 'राजीखुशीने' जमीन सोडायला लावलं गेलं, तेही विसरू नका.) आणि वर सांगितलेली शिकलेली फळी तयार होती. या सगळ्या गोष्टी जिथे एकत्र आल्या तिथे सहकार रुजला. जिथे सरकारने फक्त कारखान्याचा परवाना दिला तिथे पाट्या लागल्या आणि कर्ज बुडालं. अशा बुडालेल्या संस्थांच्या फायली मी पुष्कळ चाळल्या आहेत. यंत्रसामग्री सगळीकडे तीच होती.

याच सहकाराची हद्दही तिथेच ठरली. ज्याच्याकडे ऊस त्याच्याकडे शेअर. ज्याच्याकडे जमीन नाही तो सभासद नाही, आणि ज्या बाईच्या नावावर जमीन नाही ती तर नाहीच. ऊस तोडणारा माणूस कारखान्याच्या हिशोबात सभासद म्हणून नाही, कामगार म्हणूनही नाही, 'तोडणी-वाहतूक खर्च' म्हणून येतो.

तो माणूस येतो बीडमधून. म्हणजे नगर जिल्ह्याच्या दक्षिणेतूनही येतो, जालना-परभणीतूनही येतो, पण पहिलं नाव बीडचंच.

बीड मागे का, याचं सोपं उत्तर पाऊस. बालाघाटाच्या डोंगरावरची हलकी जमीन, पर्जन्यछायेचा पट्टा, हे खरंच आहे. पण नगरचा निम्मा जिल्हाही तसाच कोरडा होता. फरक राज्याचा होता. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जहागिरी होत्या, वेठ होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला स्वतःच्या भाषेत पुढे शिकायची सोय जवळपास नव्हती. पुण्या-साताऱ्याकडे सत्यशोधक चळवळ, वसतिगृहं, शिक्षणसंस्था यांनी तीन पिढ्या जी मशागत केली, ती इथे उशिरा सुरू झाली. औरंगाबादला डॉ. आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय काढलं १९५० मध्ये, विद्यापीठ आलं १९५८ मध्ये. संस्थान विलीन झाल्यावर मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला तेव्हा शेजारच्या जिल्ह्यात प्रवरेचं गाळप जोरात चालू होतं. वि. म. दांडेकर समितीने १९८४ च्या अहवालात राज्यातल्या विभागांचा अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या विकासकामांची तूट, ३,१८६ कोटी रुपयांच्या वर काढला. बीड शहरात रेल्वे यायला तर २०२५ उजाडलं. एकदा मागे पडलं की दरवर्षीचं अंदाजपत्रक ते अंतर वाढवतच नेतं, कारण जिथे कालवा आहे तिथेच चाऱ्या (छोटे पाट) काढणं स्वस्त पडतं आणि जिथे आमदार वजनदार तिथे रस्ता आधी होतो.

उचलीचा व्यवहार मी जरा तपशिलात सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं म्हणजे त्यातच आहे.

कारखाना किंवा वाहतूकदार मुकादमाला आगाऊ रक्कम देतो, तीच उचल. मुकादम ती गावात पावसाळ्यात वाटतो. पेरणीचा खर्च, लग्न, दुखणं, शाळा-कॉलेजची फी, सगळी गरज तेव्हाच दाटलेली असते. घेणारं एकक असतं नवरा-बायकोचं जोडपं. त्याला एक कोयता म्हणतात. दसरा-दिवाळीनंतर टोळी निघते, मार्च-एप्रिलपर्यंत फडात. तोडलेल्या टनामागे दर, त्यातून उचल कापली जाते. कामावर न आलेल्या दिवसाचा खाडा, त्याचे पैसे वेगळे कापतात. हंगाम संपल्यावर उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षी. म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणं आलं.

बँकेच्या नजरेने पाहिलं तर हे तारण कर्ज आहे आणि तारण म्हणून दोन माणसांचे सहा महिने लिहून दिलेले आहेत. व्याज लिहिलेलं नसतं. ते टनाच्या दरात दडलेलं असतं, कारण आधी पैसे घेतलेल्याला दरावर घासाघीस करता येत नाही. मग ही माणसं बँकेत का येत नाहीत? येतात. सातबाऱ्यावर दीड-दोन एकर कोरडवाहू, सामाईक खातं, जुनी थकबाकी किंवा वडिलांच्या नावचा बोजा. शाखाधिकारी नियमाने चालला तर पीककर्ज मिळून मिळून किती मिळणार, आणि तेही 'नवं-जुनं' करण्यातच, म्हणजे नव्या कर्जातून जुनं फेडण्यातच जाणार. मुकादम संध्याकाळी घरी येऊन रोख मोजून देतो. १८७५ मधल्या सुप्याच्या सावकारात आणि त्याच्यात फरक एवढाच की त्याला जमीन नको आहे.

इथून पुढे 'आर्थिक' आणि 'सामाजिक' वेगळं करून दाखवा. कोयता जोडप्याचा, म्हणून मुलाचं लग्न झालं की घरात एक कोयता वाढतो, उचल वाढते. वयात आलेली मुलगी सहा महिने गावात एकटी ठेवायची कशी, ही आईबापांची खरी भीती. तिला फडावर न्यावं तर शाळा सुटते. दोन्हीतून एकच वाट निघते, लवकर लग्न. बालविवाहाला आपण 'अंधश्रद्धा आणि मागासलेपण' या शीर्षकाखाली शिकवतो. या घरांत तो बऱ्याचदा हिशोब असतो, आणि तो हिशोब बदलल्याशिवाय पथनाट्याने फरक पडत नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. सरकारी समितीसाठी झालेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींच्या अशा शस्त्रक्रिया झालेल्या आढळल्या. पाळीच्या दिवसांत फडात ना आडोसा ना पाणी, सुट्टी घेतली तर खाडा, दुखणं अंगावर काढलेलं, आणि खासगी दवाखान्यात 'काढून टाका, कटकट मिटेल' असा सल्ला. एका शरीरावर मजुरीचा दर, आरोग्यव्यवस्था, शौचालय आणि बाईचं घरातलं स्थान सगळं एकत्र येऊन पोहोचलेलं आहे.

मग पैसा आला की हे सुटतं का? इथे मला ऊस-पट्ट्याचा दुसरा आकडा पुढे ठेवावा लागतो. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती? २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ९१३, बीडमध्ये ८९४. आणि सधन, शिकलेल्या, सहकाराने समृद्ध अशा कोल्हापुरात ८३९, सांगलीत ८५१. बागायत आली, पैसा आला, त्याबरोबर सोनोग्राफीचं यंत्र आलं. मुलीचं स्थान मात्र जुनंच राहिलं, किंबहुना बागायती जमिनीची वाटणी होऊ नये आणि हुंड्याचा आकडा वाढलेला, यामुळे मुलगी अधिकच 'महाग' झाली. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, कोल्हापूर ८६३ वर आणि सांगली ८६७ वर आलं आणि बीड ८०७ वर घसरलं. ते यंत्र तोवर तिकडे पोहोचलं होतं. या दोन ओळींच्या आकड्यांनी 'आधी संपत्ती, मग आपोआप सुधारणा' हा सिद्धांत माझ्यापुरता निकालात निघाला.

बायकांच्या नावावर जमीन यावी म्हणून शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम केली, राज्याने १९९४ मध्ये वारसा कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, पुढे २००५ मध्ये तो देशभर झाला. बँकेतल्या टेबलावरून मी काय पाहिलं? सातबाऱ्यावर बाईचं नाव असतं, कर्जाच्या फॉर्मवर सही किंवा अंगठा असतो, पैसे काढायला भाऊ किंवा नवरा. वडील वारल्यावर बहिणी गाडी करून येतात, हक्कसोड पत्रावर (आपला वाटा सोडून देणाऱ्या कागदावर) सह्या करतात, साडी-चोळी घेऊन जातात. सही नाकारली तर माहेर तुटतं. कायद्याने हक्क दिला आहे, नकाराची किंमत मात्र जिथल्या तिथे आहे. दहा-वीस टक्के बहिणींनी जरी सही नाकारायला सुरुवात केली, तरी ग्रामीण महाराष्ट्राचं रूप दोन दशकांत बदलेल असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, अभ्यास नाही.

नकाराची ताकद सरकारला देता येते का? एकदा दिली आहे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला एक प्रयोग केला, मागेल त्याला काम. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा ती कल्पना तयार होती. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी खाऊन लोकांनी ते वर्ष काढलं, पण भूकबळींचा डोंगर झाला नाही. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचं, नाही तर भत्ता. पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांवरच्या व्यवसाय करातून. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे मराठवाड्यातल्या बंधाऱ्यावर जात होते. बागायतदारांच्या आमदारांनीही याला हात वर केले, कारण रस्ते आणि पाझर तलाव त्यांनाही हवे होते. चांगले कायदे पुष्कळदा अशा सौद्यातूनच होतात, त्याला नाक मुरडू नये.

या योजनेचा परिणाम मोजायचं माझं माप शास्त्रीय नाही. ज्या भागात मोठे शेतकरी 'रोजगार हमीने मजूर माजले, कामाला कोणी मिळत नाही' म्हणून कुरकुरत, तिथे योजना चालू आहे असं मी समजे. बाईला पुरुषाइतकी मजुरी गावाच्या शेजारी मिळत होती. पाटलाच्या शेतावर कमी रोजाने जायला तिला प्रथमच पर्याय होता. पुढे २००५ चा राष्ट्रीय कायदा याच पायावर उभा राहिला, आणि गंमत अशी की ज्या राज्याने तो देशाला दिला तिथेच त्याची अंमलबजावणी पुष्कळ काळ ढिली राहिली. बीडमध्ये जून ते सप्टेंबर काम निघालं आणि मजुरी पंधरवड्यात खात्यावर पडली, तर उचलीची गरज पुरती संपणार नाही, पण ती घेणाऱ्याला दराचं बोलता येईल. मुकादमाचा दर वाढवायला संप लागतो तसा पर्यायही लागतो.

देशांच्या तुलनेत लोक दक्षिण कोरियाचं उदाहरण देतात आणि 'शिस्त' म्हणतात. कोरियाने १९५० मध्ये कमाल धारणा सुमारे तीन हेक्टरवर आणून जमीन खरोखर वाटली, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथली जवळपास सगळी मुलं प्राथमिक शाळेत होती. कारखाने त्यानंतर आले. कारखान्यांतल्या मुलींचे हाल तिथेही झाले, पण फाटकातून आत शिरणारी मुलगी पाटी वाचू शकत होती आणि तिच्या बापावर जमीनदाराचं ओझं नव्हतं. शिस्तीचं श्रेय द्यायचं तर ते यानंतर द्या.

आता तुमच्या एमआयडीसीचं. ती यावीच. उसाच्या फडापेक्षा कारखान्याचं छप्पर केव्हाही चांगलं, आणि एका पिकावर अवलंबून राहणाऱ्या तालुक्याला दुसरा मालक मिळणं ही मोठी गोष्ट आहे. पण प्रगती होईल का ते भूमिपूजनावरून कळणार नाही. भूसंपादनाच्या नोटिसा कोणाच्या नावे निघाल्या आणि मोबदल्याच्या वेळी बहिणींकडून किती हक्कसोड पत्रं नोंदवली गेली, ते दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात समजेल. कामगार थेट घेणार की ठेकेदारामार्फत, आणि ठेकेदार कोण, हे विचारा. गावातला मुकादमच लेबर कॉन्ट्रॅक्टर झाला असेल तर उचल नाव बदलून आत येईल. आणि पंचायत समितीत जाऊन बघा की तालुक्याच्या गावी दहावीनंतरच्या मुलींसाठी चालू स्थितीतलं वसतिगृह आहे का. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना २०२१ मध्ये जाहीर झाली. तुमच्या तालुक्याला त्यातलं काय मिळालं, मुलींच्या जागा किती, त्यांतल्या भरलेल्या किती आणि दिवाळीनंतर तिथे प्रत्यक्ष किती मुली राहतात, एवढं माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्जाला दहा रुपये लागतात. दिवाळीनंतरचा आकडा वेगळा मागा, वर्षाची सरासरी घेऊ नका.